वर्गणी बंद करायची, ती अशी

नमस्कार श्रोतेहो. वर्तमानपत्राची वर्गणी सुरू करायला बोटाचा एक टिचका पुरतो. बंद करताना मात्र मुलाखत घेतात!

माझे एक काका आहेत, निवृत्त भाषाशिक्षक. बारीक अक्षर वाचवेना म्हणून त्यांनी वर्गणी बंद करायला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, कारण कळेल का?" झालं! मास्तरांना आयता वर्ग मिळाला. मथळ्यांतले ऱ्हस्व-दीर्घ, गाळलेले अनुस्वार, शब्दकोड्यात आठवड्यातून दोनदा येणारा तोच शब्द. मुलगी आपली "हो सर, बरोबर सर." शेवटी म्हणाली, "तुमच्यासारखे वाचक हवेत, सर." काकांनी खुशीत फोन ठेवला. पुढच्या महिन्यात खात्यातून पैसे पुन्हा कापले गेले! काका तणतणले. काकू म्हणाल्या, "अहो, सगळं बोललात. 'बंद करा' कधी म्हणालात?"

मग काकूंनीच चिठ्ठी लिहून दिली: "वर्गणी आजपासून बंद करा आणि विनंतीचा क्रमांक द्या." काकांनी आधी तिच्यातली एक वेलांटी सुधारली, मग फोन लावला. कारण विचारलं, चिठ्ठी वाचली. सवलत देऊ केली, चिठ्ठी वाचली. तीन महिने अंक फुकट म्हटल्यावर जरा घुटमळले, पण काकू समोरच उभ्या होत्या. क्रमांक मिळाला.

तर कारण सांगायचं की नाही, ही आपली मर्जी. (पहिलं पानच पानभर जाहिरातीला देतात, हे कारण मला पुरेसं वाटतं. असो.) 'बंद करा' स्पष्ट म्हणा, ईमेलने लेखी कळवा, क्रमांक घ्या. पुन्हा सांगतो: स्पष्ट, लेखी आणि क्रमांक. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ती रद्द करा आणि बँकेला दिलेली आपोआप कपातीची परवानगीही काढून घ्या. वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर उरलेल्या रकमेचं काय, ते अटींमध्ये बघा.

15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क. आता निवडायची मोकळीक आहे म्हटल्यावर सोडायचीही हवीच ना? जर्मनीत 1 जुलै 2022 पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी रद्द करायला वेबसाइटवर वेगळं बटण ठेवावंच लागतं. भारतातही 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीच्या अशा सापळ्याला फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलंय.

तरीही पैसे कापलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: 1915. एक-नऊ-एक-पाच. फोन करताना विनंतीचा क्रमांक, ईमेलची तारीख आणि पैसे कापल्याची बँकेची नोंद हाताशी ठेवा.