फीचा तंटा आणि कपाटातली मार्कशीट

श्रोतेहो, नमस्कार.

मी वकिली करतो. खासगी कॉलेजशी फीवरून बिनसलेले विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात, खुर्चीत बसतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "साहेब, कायदा कोणाच्या बाजूने आहे?" बहुतेक वेळा कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने असतो. तरीही विद्यार्थी कंटाळतो, मागतील तेवढे पैसे भरतो आणि सुटका करून घेतो. कारण दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेजच्या कपाटात अडकलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रवेशाची मुदत येत्या शुक्रवारी संपणार असते. फीचा तंटा कागद आणि तारीख या दोन गोष्टींवर फिरतो. कायद्याचं पुस्तक त्यानंतर उघडतं.

या विषयातला सगळ्यात गाजलेला खटला एका विद्यार्थिनीच्याच नावाने ओळखला जातो. मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य. उत्तर प्रदेशातल्या मेरठची ही मुलगी एमबीबीएससाठी कर्नाटकातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहत होती. तिथल्या सरकारनेच १९८९ मध्ये अधिसूचना काढून फीचे तीन दर ठरवले होते. सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना ६०,०००. वर्ग तोच, शिक्षक तेच, परीक्षा तीच आणि फी तीसपट. एवढे पैसे देणं झेपणार नाही, असं वडिलांनी सांगितलं. प्रवेश मिळाला नाही. मुलगी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जुलै १९९२ मध्ये निकाल लागला. शिक्षणाचा हक्क हा जगण्याच्या हक्कातूनच येतो, सरकारी जागेच्या फीवर घेतलेली ही वाढीव रक्कम म्हणजे दुसऱ्या नावाने घेतलेली कॅपिटेशन फी, साध्या शब्दांत डोनेशनच आहे आणि ती समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. विधी महाविद्यालयात आजही हा निकाल पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

पण त्या निकालाच्या शेवटी एक छोटा परिच्छेद आहे आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. मुलीला प्रवेश द्या, असा आदेश न्यायालयाने दिला नाही. तिची निवड गुणवत्तेच्या यादीतून झालेली नव्हती आणि अभ्यासक्रम तर १९९१ च्या मार्च-एप्रिलमध्येच सुरू झाला होता. देशाला तत्त्व मिळालं, तिला जागा मिळाली नाही. तारखेचं महत्त्व म्हणतो ते हे.

पुढच्याच वर्षी पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालातलं बरंचसं बदललं. मग २००२ मध्ये अकरा न्यायाधीश बसले, टीएमए पै प्रकरणात. विनाअनुदानित संस्थेला स्वतःची फी ठरवता येईल, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही आणि कॅपिटेशन फी तर नाहीच, असा तो निकाल. २००५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात सात न्यायाधीशांनी नफेखोरी आणि कॅपिटेशनवरची ती बंदी पुन्हा पक्की केली. म्हणजे बाकीचं कितीही बदललं तरी डोनेशन बेकायदा, हे तेव्हापासून हललेलं नाही. महाराष्ट्रात तर १९८७ पासून कॅपिटेशन फीबंदीचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं आणि चार वर्षांत हा कायदा करावा लागला. यावरून काय ते समजा.

आता आपल्या उपयोगाचा कायदा. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शिक्षण संस्थांचे प्रवेश आणि फी यांचं नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे. त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे आणि त्याच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन, वैद्यकीय, विधी अशा अभ्यासक्रमांचं कॉलेज आपल्या खर्चाचे हिशेब या प्राधिकरणाला सादर करतं, प्राधिकरण फी मंजूर करतं आणि ती संकेतस्थळावर जाहीर होते. तुमच्या कॉलेजचं नाव आणि वर्ष टाका, आकडा दिसतो. मंजूर आकड्यावर एक रुपयाही शिक्षण शुल्क म्हणून घेता येत नाही. म्हणून तर जादा रकमेला वेगळी नावं देतात. सुविधा शुल्क, प्लेसमेंट ट्रेनिंग, युनिफॉर्म, "सक्तीची" ऐच्छिक सहल. पावतीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि पावतीच देत नसतील तर त्या नकाराबद्दल कॉलेजला ईमेल पाठवून ठेवा. एक खबरदारी. अभिमत विद्यापीठाची फी हे प्राधिकरण ठरवत नाही. माहितीपत्रकात "डीम्ड", म्हणजे अभिमत, असं दिसलं की पुढचा सगळा हिशेब वेगळा.

समजा, एक मुलगी आहे. पहिल्या फेरीत तिला एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात जागा मिळाली. तिने वर्षाची फी भरली, मूळ कागद जमा केले आणि प्रवेशाच्या गर्दीत एका स्टॅम्प पेपरवर सही केली. मधूनच कॉलेज सोडलं तर उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भरीन, असं त्यावर लिहिलेलं. पुढच्या फेरीत तिला जवळचं, कमी फीचं कॉलेज मिळालं. पहिल्या कॉलेजच्या ऑफिसमध्ये ती गेली तर क्लार्क म्हणाला, "चार वर्षांची फी भर आणि कागद घेऊन जा."

इथे थांबून एकेक बघू.

पहिली गोष्ट परताव्याची. अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणाच्या संस्थांवर एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे, नियम चालतात. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची सगळी फी परत द्यायची. सुरू झाल्यानंतर सोडलं आणि ती जागा शेवटच्या तारखेपर्यंत दुसऱ्याने भरली, तर महिन्यांच्या प्रमाणात कपात करून उरलेली रक्कम परत करायची. जागा रिकामीच राहिली तर फी बुडू शकते, पण अनामत रक्कम आणि मूळ कागद तेव्हाही परत द्यावेच लागतात. आणि पुढच्या वर्षांची फी मागायची नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही, हे त्या नियमांतच लिहिलेलं आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, बघायचं. ऑक्टोबर २०१८ च्या यूजीसीच्या अधिसूचनेत, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किती दिवस आधी वा नंतर अर्ज दिला यावर परताव्याचा टक्का ठरतो. पंधरा दिवसांहून आधी दिला तर शंभर टक्के, शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले तर शून्य. काही वर्षी यूजीसी त्याहून सोपी सवलत देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपये कापून बाकीची फी परत करायला सांगितलं होतं. हे परिपत्रक त्या त्या वर्षाचं काढून बघावं लागतं. बीबीए-बीसीएवाल्यांनी लक्षात ठेवा, २०२४-२५ पासून तुमचे अभ्यासक्रम एआयसीटीईकडे गेले आहेत.

म्हणून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तोंडी नको. "मी ऑफिसात सांगितलं होतं" याला काहीही किंमत नाही. तारीख घातलेला अर्ज, कॉलेजची पोच आणि पोच देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्ट. टक्का त्या तारखेवर ठरतो.

दुसरी गोष्ट त्या स्टॅम्प पेपरची. मुलं याला सगळ्यात जास्त घाबरतात, कारण सही त्यांची असते. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप वसूल होत नाही. वाजवी भरपाई तेवढी मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. रिकामी झालेली जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याने घेतली असेल तर कॉलेजचं नुकसान काय झालं, ते कॉलेजनेच सांगायचं. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका वेळी एका वर्षाचीच फी घ्या असं बजावलं होतं. मुलगा मध्येच सोडेल अशी भीती वाटली तर कॉलेजला बाँड किंवा बँक हमी मागता येईल, असंही त्याच निकालात आहे, आणि कॉलेजचे वकील नेमकं तेवढंच वाक्य वाचून दाखवतात. पण बाँड घेता येतो आणि बाँडची पूर्ण रक्कम वसूल करता येते, यात फार अंतर आहे. त्यासाठी कॉलेजने दिवाणी दावा लावायचा, पुरावा द्यायचा. कपाटाला कुलूप लावून वसुली करायची नाही.

आणि हीच तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मूळ कागद अडवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. यूजीसीने तर मूळ प्रमाणपत्रं ठेवूनच घेऊ नका, तपासा आणि लगेच परत करा, असं सांगितलं आहे. फी थकली तरी नाही. सोनाराकडे गहाण टाकलेल्या दागिन्याची आणि मार्कशीटची बरोबरी होत नाही, कारण दागिना विकून पैसे येतात, दुसऱ्याच्या मार्कशीटचं कोणी काय करणार? मद्रास उच्च न्यायालयाने हाच विचार वेगवेगळ्या निकालांत मांडलाय की शैक्षणिक प्रमाणपत्र ही विकायची वस्तू नव्हे, त्यावर धारणाधिकार, म्हणजे येणं वसूल होईपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, चालत नाही. आमच्या व्यवसायालाही हा नियम लागू आहे बरं का. पक्षकाराने फी दिली नाही म्हणून वकिलाला त्याची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. तेव्हा प्राचार्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

मग जायचं कुठे? यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम एप्रिल २०२३ मध्ये आले. त्यानुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यावर लोकपाल. फी परत न देणं आणि कागद अडवून ठेवणं ही दोन्ही या नियमांतली तक्रारच आहे. समितीला कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालांकडे अपील. समितीत कॉलेजचेच प्राध्यापक बसतात, तिथे काय न्याय मिळणार, असं तुम्ही म्हणाल. असेल तसं. तरी अर्ज द्या, कारण पुढे कुठेही गेलात की "आधी कॉलेजकडे दाद मागितली का?" हा प्रश्न ठरलेला आहे. मंजूर आकड्यापेक्षा जास्त फी घेतली असेल तर थेट शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. कागद हवेत आणि मुदत संपत आली असेल, तर उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट आदेश मागणारी याचिका. खासगी संस्था असली तरी ती सार्वजनिक स्वरूपाचं काम करते, तेव्हा तिच्याविरुद्ध रिट चालू शकते, हे १९८९ पासून मान्य झालेलं आहे. अशा प्रकरणात मी आधी फक्त कागद मागतो. पैशांचा वाद नंतर वर्षभर चालला तरी चालेल, मुलीचं वर्ष वाया जाता कामा नये.

ग्राहक न्यायालयाबद्दल खूप जण विचारतात. तिथे जरा जपून. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की शिक्षण संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, मात्र कोचिंग क्लास येतात. म्हणजे क्लासवाल्याने फी बुडवली तर जिल्हा आयोगात बिनधास्त जा. कॉलेजसाठी तो रस्ता धरला, तर कॉलेजचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल काढणार.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. सरकारचे पैसे आले नाहीत म्हणून हॉलतिकीट अडवलंय, ही तक्रार दर हिवाळ्यात येते. सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. तरीही काही ठिकाणी "आत्ता भरा, मग परत देऊ" चालतं. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या अर्जाची प्रत, त्याची आजची स्थिती दाखवणारं पान आणि कॉलेजने पैसे मागितल्याचा काही लेखी पुरावा, मग तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज का असेना, जपून ठेवा आणि समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्या.

शेवटचं. शेवटच्या दिवशी घाम फुटलेला असताना क्लार्क एक छापील कागद पुढे करतो. "माझी कोणतीही तक्रार नाही, कोणतीही रक्कम येणे नाही, कागद मिळाले." सही केल्याशिवाय पाकीट हातात देत नाही. वकिलाला फोन लावायला वेळ नसतो. अशा वेळी सही करा, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा, "हरकत व माझे हक्क राखून, फक्त मूळ कागदपत्रे मिळाल्याबद्दल." क्लार्क कुरकुरला तर कुरकुरू दे. ती ओळ लिहूच देत नसतील तर सही करून कागद घ्या, बाहेर या, आणि गेटवर उभं राहूनच कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवा, सही कोणत्या परिस्थितीत, किती वाजता आणि कोणासमोर केली ते लिहून. जबरदस्तीने घेतलेल्या सहीबद्दल त्याच तासात केलेली तक्रार न्यायाधीश गंभीरपणे वाचतात. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेली वाचत नाहीत.

नमस्कार.