टपालगाडीची मुद्राचित्रे

पडद्यावरच्या चित्रात दिसत आहे ती २० ऑक्टोबर १८१६ची रात्र. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळच्या विंटर्सलो हट या सराईपाशी एक्सेटरहून लंडनला निघालेली टपालगाडी पोहोचली आणि फिरत्या प्राणिसंग्रहातून सुटलेल्या सिंहिणीने पुढच्या घोड्यावर झडप घातली. प्रवासी सराईत धावले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले. घोडा जखमी झाला, पण वाचला. जेम्स पोलार्ड या तरुण चित्रकाराने हा प्रसंग रेखाटला आणि १८१७ मध्ये त्याची मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रे, विक्रीला आली.

या चित्रातला अंधार अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने साधलेला आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवला की दाणे त्याला चिकटतात; मग आम्ल दाण्यांच्या मधले तांबे खाते आणि जिथे उजेड हवा तिथे आधीच रोगण लावून ते अडवले जाते. पत्रा जितका जास्त वेळ आम्लात राहील तितकी छटा गडद होते. छापून झाल्यावर कारागीर एकेका प्रतीवर हाताने जलरंग भरत, त्यामुळे एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रती कधीही अगदी सारख्या नसतात.

संग्राहकाची खरी कसोटी मात्र चित्राच्या खालच्या कडेला लागते. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ यांच्या प्रयत्नांतून १७३५ साली अमलात आलेल्या कायद्यामुळे मुद्राचित्राच्या पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरली जाऊ लागली. ही ओळ मोलाची आहे, पण ती एकटी पुरेशी नाही, कारण पत्रा पुढे वर्षानुवर्षे वापरला गेला तरी त्यावरची तारीख तीच राहते. राळेने उमटवलेला पोत उथळ असल्याने लवकर झिजतो, छटा फिकट पडतात आणि ही उणीव पुष्कळदा जाड रंगाखाली झाकलेली आढळते. म्हणून कागद उजेडासमोर धरावा. व्हॉटमनसारख्या कागद-उत्पादकाच्या जलचिन्हात, म्हणजे कागदातच उमटलेल्या खुणेत, काही वेळा वर्षही असते. चित्राखाली १८१७ आणि कागदात १८३०च्या पुढचे वर्ष दिसले, तर ती प्रत पहिल्या छपाईची असूच शकत नाही. त्यानंतर भिंग घ्यावे. राळेच्या दाण्यांभोवतीचे वेडेवाकडे जाळे दिसले तर ते अ‍ॅक्वाटिंट. समान अंतरावरचे ठिपके दिसले तर ती यंत्रावर छापलेली अलीकडची नक्कल.

चौकटीत नेमके बसावे म्हणून समास कापलेली प्रत पाहिली की मन खरोखर विषण्ण होते. कारण त्या पट्टीबरोबर चित्रकार, खोदकाम करणारा, प्रकाशक आणि तारीख, सारेच जाते. चौकटीमागच्या हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातील आम्लाने कागद तपकिरी पडतो, ते नुकसान निदान तज्ज्ञाच्या हातून थोडे कमी होऊ शकते. कापलेली कड मात्र परत येत नाही.

१८३८ मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वेमार्ग पूर्ण खुला झाला आणि पुढच्या काही वर्षांत लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्या एकामागून एक बंद पडल्या. चित्रांची मागणी मात्र उरली. लंडनच्या पिकॅडिलीतील फोअर्स या प्रकाशकांनी १८४०च्या दशकात चार्ल्स कूपर हेंडरसन यांच्या चित्रांवरून घोडागाडीच्या प्रवासाच्या आठवणींची मालिका काढली. तिच्यातले घोडे पूर्ण वेगाने दौडत आहेत, आणि ती चित्रे विकत घेणारी माणसे तोवर आगगाडीने प्रवास करू लागली होती.