वापरलेल्या इंधनाचं रसायन

पाण्याखालचा हा निळा उजेड दिव्याचा नाही. अणुभट्टीतून काढलेलं इंधन इथे निवतंय, त्याच्या किरणोत्साराचा हा उजेड. अर्ध्या मीटरची, १९ नळ्यांची एकेक जुडी. काही वर्षं तिचा मुक्काम इथेच.

पण हिला टाकाऊ समजू नका. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून आलेल्या हजार किलो इंधनात ९८० किलोंहून जास्त युरेनियम शाबूत असतं. प्लुटोनियम साडेतीन-चार किलो. कचरा म्हणावा असा भाग दहा किलोंच्या आतच, पण किरणोत्सार बहुतेक त्याचाच.

हा हॉट सेल, म्हणजे किरणोत्सारी माल हाताळायची जाड भिंतींची बंद खोली. मध्ये शिशाची जाडजूड काच आहे, म्हणून चित्र पिवळसर दिसतंय. यांत्रिक हातांनी काम चालतं. जुडीचे तुकडे होतात, तापलेल्या नायट्रिक आम्लात पडतात, तपकिरी वाफा उठतात. इंधन विरघळतं, झिरकॅलॉय या मिश्रधातूच्या रिकाम्या नळ्या तेवढ्या उरतात.

पुढचा खेळ प्रयोगशाळेतल्या या नरसाळ्यात बघा, नुसतं युरेनियम घेऊन. खाली आम्लाचं द्रावण, पिवळंधमक. वर डोडेकेन या रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं ट्रायब्युटाइल फॉस्फेट हे द्रावक, पाण्यासारखं नितळ. हलवलं, ठेवलं. पिवळा रंग वर चढला!

कारखान्यात प्लुटोनियमही असंच वर चढतं; कचऱ्यातली सीझियम, स्ट्रॉन्शियमसारखी मूलद्रव्यं खालीच राहतात. मग युरेनस नायट्रेट हे युरेनियमचंच एक संयुग घालतात. प्लुटोनियमला एक इलेक्ट्रॉन मिळतो, त्याची संयुजा चारवरून तीनवर येते आणि वरच्या द्रावकाशी त्याचं जमेनासं होतं. ते पुन्हा खाली उतरतं. मागे राहिलेलं युरेनियम अगदी सौम्य आम्लाने धुऊन काढायचं. या पद्धतीचं नाव प्युरेक्स.

ही जुनी छायाचित्रं ट्रॉम्बेची. होमी सेठनांच्या नेतृत्वाखाली आपल्या इंजिनिअरांनी वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा हा कारखाना उभा केला, तेही अणुतंत्रज्ञान मोजक्याच देशांच्या हाती असताना. १९६४ मध्ये तो सुरू झाला, जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी उद्घाटन केलं. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम इथलंच.

आणि हा लालभडक रस म्हणजे वितळलेली बोरोसिलिकेट काच. उरलेला कचरा तिच्यात कोंडून पोलादी डब्यांत भरतात. ते डबे पुढच्या कित्येक पिढ्यांना सांभाळावे लागतील. त्याच कचऱ्यातलं सीझियम वेगळं काढून काचेच्या या पेन्सिली बनवतात. त्या रक्तपेढ्यांत जातात, रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत बसवायला.