गाळातलं शिसं तिसऱ्यांत पोचलं, हे कसं ठरवायचं?

खाडीच्या गाळात शिसं सापडलं, त्याच खाडीतल्या तिसऱ्यांतही (खाण्याच्या शिंपल्यांतही) सापडलं, की निष्कर्ष तयारच असतो: गाळातलं शिसं तिसऱ्यांत गेलं. बातमीला एवढं पुरतं, पुराव्याला नाही. तिसऱ्यांतलं शिसं पाण्यातून आलेलं असू शकतं, पोटातल्या चिखलाचं असू शकतं किंवा प्रयोगशाळेतच मिसळलेलं असू शकतं. या शक्यता कशा तपासायच्या ते बघू. डोळ्यांसमोर ठाणे खाडी ठेवा.

आधी गाळ. वाळूत शिसं फारसं धरलं जात नाही, म्हणून ६३ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गेलेला बारीक गाळच तपासायचा. नाहीतर एका जागी वाळू जास्त, दुसरीकडे चिखल जास्त, आणि आपण तो फरक प्रदूषणाचा समजून बसतो. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधीचं पेट्रोलमधलं शिसं गाळाच्या खालच्या थरांत पुरलेलं असतं. थरांचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढतात, त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं.

गाळातलं सगळंच शिसं प्राण्याच्या वाट्याला येत नाही. काही खनिजांच्या जाळीत अडकलेलं, काही लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर बसलेलं, तर प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात सल्फाइडला बांधलेलं. हे वेगळं करायला टप्प्याटप्प्यानं आम्लं वापरतात. पहिल्या टप्प्यात १ ग्रॅम गाळाला ०.११ मोलर ॲसेटिक आम्ल ४० मिलिलिटर, १६ तास सतत हलवत. दुसऱ्यात ०.५ मोलर हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड, पीएच १.५. पहिल्या टप्प्यात शिसं जवळजवळ दिसलं नाही म्हणून गाळ निर्धोक ठरवणं ही नेहमीची चूक. शिशाचा मोठा वाटा बहुधा दुसऱ्या टप्प्यात सुटतो. आणि काळा चिखल भट्टीत वाळवलात तर सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन सगळी वाटणीच बदलते. तो ओलाच, नायट्रोजनखाली ठेवा. पाण्याचं प्रमाण वेगळ्या तुकड्यावर काढा.

आता तिसऱ्या. एकाच आकाराच्या निवडा. गाळलेल्या स्वच्छ समुद्रपाण्यात २४ ते ४८ तास ठेवा, पाणी बदलत राहा. टाकीत तळाच्या वर प्लास्टिकची जाळी हवीच, नाहीतर बाहेर टाकलेली विष्ठा त्या पुन्हा आत ओढतात. एवढं करूनही थोडा चिखल उरतो. तो मोजायला ॲल्युमिनियम कामाला येतं, कारण ते चिखलात भरपूर आणि मांसात नगण्य असतं. समजा सुक्या मांसात किलोमागे ४०० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम आलं आणि गाळात ८०,००० आहे. म्हणजे मांसात ०.५ टक्के चिखल. गाळात किलोमागे ६० मिलिग्रॅम शिसं असेल, तर चिखलाच्या नावावर ०.३ मिलिग्रॅम. मांसात एकूण १ मिलिग्रॅम मोजलं असेल, तर जवळपास तिसरा हिस्सा मुळी शरीरात गेलेलाच नाही! मात्र मांस विरघळवताना हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. नुसत्या नायट्रिकमध्ये चिकणमाती पूर्ण विरघळत नाही आणि चिखल कमी दिसतो.

उरलेलं शिसं गाळातून आलं की पाण्यातून, हे समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) सांगतात. २०६, २०७ आणि २०८ या शिशांची गुणोत्तरं धातूच्या खाणीनुसार बदलतात आणि प्राण्याच्या शरीरात ती व्यवहारात तशीच राहतात. उदाहरणापुरते आकडे घ्या. गाळातल्या सुट्या होणाऱ्या शिशाचं २०६/२०७ गुणोत्तर १.१२, पाण्यात तरंगणाऱ्या कणांचं १.१६, मांसाचं १.१३. मग अंदाजे तीन चतुर्थांश शिसं गाळाचं. पण साध्या आयसीपी-एमएसवर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ०.००५ ची चूक सहज होते, आणि तेवढ्यानं उत्तर बारा-तेरा टक्क्यांनी हलतं. सगळी समस्थानिकं एकाच वेळी मोजणारं मल्टिकलेक्टर यंत्र मिळत असेल तर तेच वापरा. तुलना गाळातल्या एकूण शिशाशी करू नका, त्यात खडकाचं मूळ शिसंही येतं. स्रोत तीन असतील तर एका गुणोत्तरावर गणित सुटत नाही. २०८/२०६ सुद्धा आलेखावर घ्या. शिसं-२०४ ही मोजत असाल तर त्याच वजनाचा पारा-२०४ आड येतो, म्हणून २०२ वर पारा मोजून तेवढं वजा करायचं.

प्रयोगशाळेतल्या शिशाचा धडा अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दिला. डोरोथी सेटल यांच्यासह १९८० मध्ये त्यांनी दाखवलं की ताज्या ट्यूनाच्या मांसात ग्रॅमला ०.३ नॅनोग्रॅम शिसं असतं, शिशाच्या डाखाच्या डब्यातल्या ट्यूनात १४००. इतर प्रयोगशाळा ताज्या मांसातही याच्या शेकडो पट आकडे देत होत्या. ते शिसं धूळ, भांडी आणि रसायनांचं होतं. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर मांसाविना रिकामी चाचणी आणि एक प्रमाणित नमुना चालवा. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या २९७६ क्रमांकाच्या शिंपल्याच्या भुकटीत किलोमागे १.१९ मिलिग्रॅम शिसं प्रमाणित आहे; तुमचं उत्तर २ आलं तर बाकीचे आकडे बाजूलाच ठेवा.

शेवटी अन्नसुरक्षेची मर्यादा. युरोपात शिंपल्यांसाठी ती किलोमागे १.५ मिलिग्रॅम, ओल्या वजनावर. शिंपल्यांत साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे सुक्या मांसातलं १ मिलिग्रॅम ओल्यात ०.१५ ते ०.२ होतं. सुका आकडा ओल्या मर्यादेशी लावून घबराट उडवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पाऱ्याची सवय लागलेले लोक विचारतात, मग सुरमईत किती? शिसं पाऱ्यासारखं साखळीत वर चढत वाढत जात नाही. मोठ्या माशाच्या मांसात ते सहसा कमीच असतं. कल्ले, यकृत, मूत्रपिंड आणि कॅल्शियमच्या जागी हाडांत ते साठतं. त्यामुळे सुरमईच्या तुकड्यापेक्षा काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली आधी तपासावी, आणि ती अख्खी वाटून, फक्त मांस काढून नव्हे.