डूख

(पाठ. पट्टी चिकटवणारे हात.)

कातडीला नेमकं काय बाधतं ते शोधायची ही पट्टी. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बारक्या वाट्या आहेत. त्यातल्या एकीत गाजरगवताचा अर्क. "दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मावशी," डॉक्टर बजावतात.
"श्रावणात? मग घरातच बसते की."

(बांध. पांढरी फुलं.)

परभणी जिल्ह्यातलं हे सोयाबीनचं रान. गाजरगवत पुण्यात नजरेत आलं ते १९५५च्या सुमारास. परदेशी गव्हाबरोबर आलं, असं जुनी माणसं सांगतात. गावात त्याला नुसतं 'काँग्रेस' म्हणतात.

मावशी वर्षानुवर्षं ते हातानं उपटत आल्या. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग पापण्या सुजल्या, मान काळवंडली, कोपराच्या खळग्यात कातडं जाड झालं. "उष्णता असंल म्हणून सब्जा खाल्ला. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली." त्या ट्यूबवर वेगळी फिल्म करावी लागेल.

(सूक्ष्मदर्शक.)

गवताच्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते कातडीत उतरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं. कातडीच्या वरच्या थरात या लँगरहान्स पेशी बसलेल्या असतात. बघा, बोरीच्या फांद्या पसराव्यात तशा. १८६८ साली बर्लिनमध्ये शिकत असलेल्या पॉल लँगरहान्सनं त्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या होत्या. त्यांचं काम निराळंच निघालं. पार्थेनिन चिकटलेलं प्रथिन त्या उचलतात, कातडी सोडतात, थेट लसिकागाठीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराचा बचाव करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, त्याचा तुकडा दाखवतात. ज्या मोजक्या टी-पेशींशी तो जुळतो, त्या भराभर वाढतात. काही कायमच्या राहून जातात. नाग डूख धरतो म्हणतात. नागाचं राहू द्या, टी-पेशी खरंच धरतात.

पुढच्या वेळी वाऱ्यावर आलेली चिमूटभर धूळही पुरते. डूख धरलेल्या टी-पेशी कातडीत येतात, रसायनं सोडतात, बाकीच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. मधमाशी चावली की गांधी लगेच उठते. हा दाह फुलायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सोमवारी उपटलेलं गवत बुधवारी अंगावर उठतं, आणि बाईला वाटतं बुधवारचं ऊन बाधलं.

(पट्टी निघते.)

४८ तास झाले. बाकीच्या जागा स्वच्छ. एकाच वाटीखाली, गाजरगवताच्या, लाल चकती. चौथ्या दिवशी तिथंच पाणी धरलेले बारीक फोड.

मजुरी बुडते, औषधं महिनोन्महिने चालतात.

(डबीतले भुंगे.)

हे गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे. मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी रेघा. १९८४च्या सुमारास ते भारतात आणले गेले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ते वाढवून शेतकऱ्यांना दिले जातात. अळ्या कोवळी पानं, शेंडे कुरतडतात. झाड फुलावर यायच्या आत बोडकं होतं. पण ही कमाई पावसाळ्यापुरती. पुढं भुंगे मातीत शिरून पडून राहतात. तोवर उरलेलं गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटायचं. आणि उपटलेलं अंगणात वाळत टाकायचं नाही, वाळलेलंही बाधतं.

मावशी पदर नाकावर ओढून डबी उघडतात. दोन भुंगे पानावर, एक मनगटावर.
"हे माझ्या कपाशीवर तर नाही ना जायचे?"
नाही मावशी. कपाशीला ते तोंड लावत नाहीत.