टॉल्किन : डोक्यावर घेणारे आणि मिटून ठेवणारे

(दृश्य : ऑक्सफर्ड. मॉडलिन कॉलेजच्या दगडी भिंती, अंधारून आलेलं. एका खिडकीत दिवा.)

गुरुवारची रात्र. लेखक आणि अध्यापक सी. एस. लुईस यांच्या खोलीत मित्रमंडळी जमली आहे. चहा झाला, पाइप पेटले, आता कुणीतरी आपलं नवं लिखाण वाचून दाखवायचं. या मंडळींनी स्वतःला नाव घेतलंय ‘इंकलिंग्ज’. आज जुन्या इंग्रजीचे जाणकार प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांची पाळी आहे. कित्येक वर्षं चाललेल्या आणि संपायचं नाव न घेणाऱ्या एका कादंबरीची पानं त्यांच्या हातात आहेत.

लुईस कान देऊन ऐकताहेत. तिकडे कोचावर आडवे झालेले ह्यूगो डायसन कण्हताहेत. एल्फ, म्हणजे कादंबरीतली अमर, मानवसदृश जमात, आले रे आले की त्यांचा धीर सुटतो. पुरे झाले हे एल्फ, असं ते मोठ्यानं बोलूनही दाखवतात. 1947 सालापर्यंत गोष्ट अशा थराला गेली होती, की डायसन खोलीत शिरले की टॉल्किन वाचन थांबवत.

डायसन हे काही शत्रू नव्हते. जुने, जवळचे मित्र होते. साहित्याचे अध्यापक होते. कादंबरी छापून यायला अजून सात वर्षं होती आणि तिच्या वाचकांत तेव्हाच दोन तट पडले होते, तेही एकाच खोलीत.

(दृश्य : तीच कादंबरी छापून आलेली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड, एकाशेजारी एक.)

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी 1956 मध्ये तिसऱ्या खंडाबद्दल लिहिताना एक गोष्ट नोंदवली. एखाद्या पुस्तकावरून इतके कडाक्याचे वाद झाल्याचं आपल्याला क्वचितच आठवतं, असं ते म्हणाले. मधलं मत कुणाचंच नाही. काहींना ही कादंबरी अजोड वाटते, काहींना ती सहनच होत नाही. स्वतः ऑडन पहिल्या गटातले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत हे वाद काही शमलेले नाहीत. मी हे निवेदन लिहितोय तो टॉल्किनवर जीव असलेला वाचक म्हणून. पण ज्यांनी हे पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवलं, त्यांचं ऐकल्याशिवाय हे पुस्तक मला नीट कळलं नसतं. त्यामुळे आधी त्यांच्याकडे जाऊ.

(दृश्य : लहान मुलाच्या अक्षरातला एक कागद.)

सुरुवात मात्र एका मुलापासून. 1936 साल. लंडनच्या ‘ॲलन अँड अन्विन’ या प्रकाशन संस्थेकडे ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं. मालक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. मुलांच्या पुस्तकाबद्दल मुलाचंच मत घ्यावं, हा त्यांचा शिरस्ता. मोबदला एक शिलिंग. रेनरनं लिहून दिलं, पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. दहा वर्षांच्या मुलाला आपण त्या वयाच्या पुढे गेलो आहोत असं वाटत असणार! 1937 च्या सप्टेंबरात पुस्तक आलं आणि प्रकाशकांनी पुढच्या पुस्तकाचा लकडा लावला. ते पुढचं पुस्तक, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, लिहून व्हायला बारा वर्षं लागली. झालं तेव्हा ते साडेचार लाखांहून अधिक शब्दांचं होतं, आणि त्यातली शोकछाया पाच वर्षांच्या मुलासाठी नव्हती.

तोवर रेनर मोठा होऊन वडिलांच्या धंद्यात आला होता. या पुस्तकात हजार पौंड बुडू शकतात, पण ही प्रतिभावंताची कृती आहे, असं त्यानं वडिलांना कळवलं. वडिलांनी उत्तर दिलं : तुला तसं खरंच वाटत असेल, तर हजार पौंड बुडाले तरी चालतील. प्रकाशनाच्या जगातला हा संवाद मला फार मोलाचा वाटतो. खर्च विभागावा म्हणून एकाच कादंबरीचे तीन खंड केले गेले. 1954 च्या जुलैत पहिला, नोव्हेंबरात दुसरा, आणि 1955 च्या ऑक्टोबरात तिसरा.

आणि मग टीकाकार तुटून पडले.

एडविन म्यूर यांनी लिहिलं, यातली सगळी पात्रं म्हणजे मोठ्यांचा वेष घेतलेली पोरं आहेत. अमेरिकेत एडमंड विल्सन यांचा शब्द त्या काळी वजनदार मानला जाई. त्यांनी तर हे सगळं पोरकट कचऱ्यात काढलं. सात वर्षांच्या मुलीला कळणार नाही असं यात फारसं काही नाही, असं ते म्हणाले, आणि हे त्यांनी अनुभवानं म्हटलं होतं. आपल्या सात वर्षांच्या मुलीला त्यांनी ही अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली होती! न आवडणारं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत आवाज लावून वाचणं सोपं नाही. त्यांच्या मताशी मी सहमत नाही, पण या चिकाटीबद्दल मला आदर आहे.

1961 मध्ये लुईस यांनी टॉल्किन यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. समितीनं ते बाजूला सारलं. समितीतले अँडर्स ऑस्टरलिंग यांचा शेरा होता, की हे लेखन उच्च दर्जाच्या कथनापर्यंत कुठल्याच अर्थानं पोचत नाही. पन्नास वर्षांनी कागदपत्रं खुली झाली तेव्हा हे जगाला कळलं. मधल्या काळात, 1965 नंतर, स्वस्त आवृत्त्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडल्या होत्या आणि ‘फ्रोडो लिव्ह्ज’ (कादंबरीचा नायक फ्रोडो जिवंत आहे) असे बिल्ले छातीवर मिरवले जात होते. 1997 मध्ये ब्रिटनमधल्या 25,000 हून अधिक वाचकांच्या कौलात ही कादंबरी शतकातलं सर्वोत्तम पुस्तक ठरली. टॉल्किन हा विसाव्या शतकातला सर्वात प्रभावी लेखक ठरू नये, नाहीतर ते एक दुःस्वप्नच होईल, असं आपल्याला कधीपासून वाटत होतं आणि ते स्वप्न आता खरं झालं, असं लेखिका जर्मेन ग्रीअर यांनी त्यावर लिहिलं.

(दृश्य : हातानं काढलेला नकाशा. त्यावरून हळूहळू सरकणारं बोट.)

नावं ठेवणाऱ्यांची पहिली तक्रार संथपणाची. ती खरी आहे. गोष्ट थोडक्यात अशी : हॉबिट या बुटक्या जमातीतल्या फ्रोडोला नात्यातल्या बिल्बोकडून एक घातक मुद्रिका मिळते, आणि ती नष्ट करण्यासाठी तो शत्रूच्या मॉर्डोर देशातल्या ज्वालामुखीकडे निघतो. पण बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यांत कथेत सतरा वर्षं जातात. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेल्या वाचकाला हे भारी पडतं. पुढे टॉम बॉम्बाडिल भेटतो. गाणी म्हणत हिंडणारा हा प्राणी नक्की कोण, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. कथानकाला त्याची गरज नाही, म्हणून चित्रपटात त्याला जागाच मिळाली नाही. काही वाचक ती प्रकरणं चक्क उलटून पुढे जातात, तर काहींना सगळ्या पुस्तकात तोच लाडका. टॉल्किन यांनी एका पत्रात म्हटलंय, की पुराणकाळातही काही कोडी असायलाच हवीत, आणि हे कोडं मी जाणूनबुजून ठेवलंय.

मी स्वतः पहिल्या वाचनात मुद्रिकेचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेत अडकलो होतो. माणसं बसलेली, एकामागून एक बोलताहेत, नुसतं बोलताहेत. पुस्तक दोन वर्षं तसंच कपाटात पडून होतं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा घाई नव्हती, आणि तेव्हा लक्षात आलं, की हा लेखक चालण्याबद्दल लिहितोय. आज किती मैल झाले, वारा कुठून आला, चंद्र केवढा होता, हे सगळं त्याला माहीत आहे. चंद्राच्या कला जुळेनात म्हणून त्यांनी लिहून झालेली प्रकरणं पुन्हा दुरुस्त केली होती. थकवा वाचकाच्या पायात उतरावा लागतो, तरच मॉर्डोरमधली शेवटची चढण कळते. हे ज्याला नको आहे त्याला मी दोष देणार नाही. चढ सगळ्यांनाच आवडायला हवा असं नाही.

दुसरी तक्रार मात्र चवीपुरती नाही. या जगात बायका कुठे आहेत? ‘हॉबिट’च्या कथेत वावरणारी एकही स्त्री नाही. मुद्रिका घेऊन निघालेल्या नऊ जणांत एकही नाही. एल्फांमधली गॅलाड्रिएल आहे, एका राजाची भाची एओविन आहे. पुरुषाच्या वेषात रणांगणात उतरून नाझ्गूलांच्या, म्हणजे शत्रूच्या भयंकर सेवकांच्या, अधिपतीला मारणारी एओविन तर विसरता येत नाही. पण एवढ्या अफाट पटावर बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रिया असाव्यात, ही उणीव आहेच, आणि आवडतं पुस्तक म्हणून ती झाकू नये.

तिसरी तक्रार आपल्याला, म्हणजे पूर्वेच्या वाचकांना, जास्त जवळून लागते. खलनायकाच्या बाजूनं लढायला येणारी माणसं पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात, सावळी असतात, हत्तींवरून येतात. वाचताना आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडला तर तो रास्त आहे. मलाही पडला. त्याच वेळी मी दोन गोष्टी विसरू शकत नाही. 1938 मध्ये ‘हॉबिट’च्या जर्मन आवृत्तीसाठी टॉल्किन यांना वंशाची विचारणा झाली, तुम्ही आर्य आहात का? तेव्हा त्यांनी लिहिलेल्या उत्तरात भाषातज्ज्ञाचा संताप आहे. आर्य म्हणजे भारत-इराणी, आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्तानी किंवा फारसी बोलत नव्हतं, असं त्यांनी सुनावलं. दुसरी गोष्ट कादंबरीतलीच. दक्षिणेकडचा एक सैनिक फ्रोडोचा सोबती सॅम याच्या जवळच मरून पडतो. सॅमला चेहरा दिसत नाही. त्याच्या मनात येतं, याचं नाव काय असेल? हा कुठून आला असेल? हा खरंच दुष्ट होता का, की धाकानं, खोटं सांगून याला घरापासून इतक्या लांब आणलं? पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत उतरलेला आणि जिवाभावाचे मित्र युद्धात गमावलेला माणूस हा परिच्छेद लिहितोय. तक्रार यानं मिटत नाही. पण हा परिच्छेद न वाचता केलेली तक्रार अपुरी राहते.

(दृश्य : मराठी अनुवादाचं पान उलटणारा हात.)

मराठीतही टॉल्किन आले आहेत, आणि इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या भाषेच्या वाटेवर पडते. कादंबरीच्या परिशिष्टात टॉल्किन लिहितात, की त्या जगातल्या बोलीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद होता. पण शायर या आपल्या मुलखातल्या हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून आदरार्थी रूप निघून गेलं होतं. त्यामुळे पिपिन हा हॉबिट जेव्हा गॉन्डोर या माणसांच्या राज्याच्या राजधानीत पोचतो, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस तो सगळ्यांशी अरे-तुरेनं बोलतो. खुद्द राज्यपाल डेनेथॉर यांच्याशीसुद्धा! सेवक थक्क होतात. आणि गावभर बोलबाला होतो, की हा आपल्या मुलखातला कुणी मोठा राजपुत्र असणार, नाहीतर धन्याला ‘तू’ म्हणायची छाती कुणाची?

इंग्रजी वाचकाला ही गंमत परिशिष्टात सांगावी लागते, कारण त्याच्याकडे सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत ती थेट संवादात उतरू शकते. पिपिननं पहिलं वाक्य उच्चारलं की दरबार दचकेल आणि वाचकही दचकेल. सॅमनं फ्रोडोला ‘तुम्ही’ म्हणायचं का? चढणीवर फ्रोडोला पाठीवर घेताना तो ‘तुम्ही’ गळून पडेल का? मूळ पुस्तकाला न पडलेले हे प्रश्न आपल्या भाषेत उभे राहतात. टॉल्किन रूक्ष आहेत, माणसांपेक्षा भाषेत जास्त रमतात, असं म्हणणाऱ्यांना मी हाच प्रसंग दाखवतो. एका सर्वनामात त्यांनी माणूस पाहिला होता.

(दृश्य : टपालाच्या पेटीत पडणारी पत्रं. मग टेबलावरचा ढीग.)

वाचक त्यांना पत्रं लिहीत. भरपूर लिहीत. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी एक निरीक्षण मांडलंय : जी प्रकरणं काहींना डाग वाटतात, तीच इतरांना खास आवडलेली असतात. म्हणून सगळ्यांना खूश करणं अशक्य. स्वतः त्यांना पुस्तकात बरेच दोष दिसत होते. त्यांतला इतरांनीही सांगितलेला एक दोष त्यांनी लिहून ठेवलाय : पुस्तक फार लहान झालं.

एका पत्राचा त्यांनी उल्लेख केलाय. पत्र संतापून लिहिलेलं होतं. वाचकाचं म्हणणं, फ्रोडोचा सत्कार कसला करता? त्याला देशद्रोही म्हणून फाशी द्यायला हवी होती. कारण सगळा प्रवास करून, ज्वालामुखीच्या कड्यावर उभं राहून फ्रोडो मुद्रिका टाकत नाही. ती माझी आहे, म्हणतो. मुद्रिका नष्ट होते ती तिच्या मोहानं मागे लागलेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि तिच्यासह आगीत कोसळतो म्हणून. नायक शेवटच्या पावलावर हरतो. हे फार थोड्या वाचकांच्या ध्यानात आलंय, असंही टॉल्किन यांनी म्हटलंय. त्या संतापलेल्या वाचकाच्या ध्यानात आलं होतं. सगळं पोरकट म्हणून मोडीत काढणाऱ्यांपेक्षा त्यानं हे पुस्तक जवळून वाचलं होतं, असं मला वाटतं.

टॉल्किन यांनी दुसऱ्या एका पत्रात याचं सविस्तर उत्तर दिलंय. त्या जागी, त्या क्षणी, तो भार कुणालाच पेलला नसता. जेवढं शक्य होतं तेवढं फ्रोडोनं केलं. त्यापुढचं त्याच्या हातात नव्हतं.

(दृश्य : समुद्रकिनारा. दूर जाणारं गलबत. मग गावाकडची वाट, एका घरात उजेड.)

फ्रोडोला प्रवासात झालेली सुऱ्याची जखम भरत नाही. दर वर्षी त्याच तारखेला दुखते. शेवटी तो गलबतात बसून निघून जातो. सॅम घरी परततो. चुलीत विस्तव आहे, जेवण तयार आहे, त्याची वाट पाहिली जातेय. त्याची बायको रोझी त्याला खुर्चीत बसवते आणि लहानग्या लेकीला, एलानोरला, त्याच्या मांडीवर ठेवते. सॅम एक लांब श्वास घेतो.

‘आलो बरं का मी,’ तो म्हणतो.