खाल्लेल्या पानांची गॅलरी

(दृश्य : कढीपत्त्याचं पान, अगदी जवळून)

पानावर पक्ष्याने घाण केलीय असं वाटतंय ना? पक्ष्यांनाही तसंच वाटावं, म्हणून तर हे सोंग. ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लहानपणी ती अशीच काळपट-पांढरी आणि ओलसर दिसते. मग शेवटची कात टाकते आणि पानासारखी हिरवीगार होऊन बसते. आता तिच्या पाठीला काडी लागतेय, बघा. डोक्यामागून लाल शिंगं बाहेर! त्यांना उग्र वास असतो. तो तेवढा आम्हाला टिपता आला नाही.

बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरची ही गॅलरी. घरच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण इमारतीत आजही सगळे त्यांना बाईच म्हणतात. कढीपत्ता आमटीसाठी लावलेला. आता आमटीला बाजारातून आणतात, कारण कुंडीतला अळ्यांचा.

(दृश्य : नर्सरी, रंगीत कुंड्यांच्या रांगा)

आपण बाग करतो ती इथून. फुललेली कुंडी दिसली, आवडली, रिक्षात घातली. या रांगेत काय काय आहे? सदाफुली मादागास्करची. बोगनवेल आणि पांढरा चाफा अमेरिका खंडातून आलेले. मनी प्लांट पॅसिफिक बेटांवरचा. रस्त्यावर बघितलं तरी तेच. मे महिन्यात ज्याच्यावर आपण कविता करतो तो गुलमोहर मादागास्करचा, आणि पदपथांवर छत्री धरून उभा असलेला पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला. झेंडूसुद्धा मेक्सिकोचा! दसऱ्याला त्याला नको कोण म्हणणार, आणि म्हणूही नये. पण या शहराच्या टेकड्यांवर मुळात जे उगवायचं त्याची एक तरी कुंडी या रांगेत असावी की नाही? कुडा, धायटी, मुरुडशेंग, कुसर मागून बघा. नर्सरीवाला तुमच्याकडेच बघत राहतो.

बाईंची रीत उलटी. आपल्याकडे जेवायला कोणाला बोलवायचं ते त्यांनी आधी ठरवलं, आणि मग पाहुण्यांना चालेल तेवढंच लावलं. फुलपाखरू मध कुठलाही पितं, देशी-परदेशी बघत नाही. अळीचं मात्र पथ्य कडक. कॉमन मॉर्मनला लिंबाच्या कुळातलंच पान लागतं, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत, त्यालाही याच कुळातलं. प्लेन टायगरला रुई. शनिवारी मारुतीला जिचा हार घालतो, तीच. रुळांच्या कडेला फुकट वाढते म्हणून आपण तिला रान म्हणतो. बाईंनी तिला उन्हातली कुंडी दिलीय. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून छाटताना चष्मा लावतात, तो हा.

(दृश्य : भिंतीवर खडूने मारलेल्या रेघा)

या रेघा नातवंडांच्या नाहीत. ऊन कुठवर येतं ते बाईंनी महिन्यामहिन्याला आखून ठेवलंय. मुंबई आहे १९ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन पार घरात शिरतं, आणि उत्तरेकडची गारठते. म्हणजे जानेवारीत ‘इथे छान ऊन येतं’ म्हणून जागा ठरवली, की मे महिन्यात ती जागा भलतीच निघते. ही गॅलरी पश्चिमेची. दुपारनंतरचं तापलेलं ऊन थेट कठड्यावर, म्हणून रुई आणि कोरांटी कठड्याशी. अडुळसा त्यांच्या मागे. शतावरीला भिंतीकडची अर्धी सावली. झाडं उंचीप्रमाणे नव्हे, उन्हाप्रमाणे बसवलीत.

मातीचं मिश्रण बाई हाताने करतात. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, थोडं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. तळाला विटांचे तुकडे, कारण इथे खरी परीक्षा उन्हाळ्याची नसते, पावसाची असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी साचलं की मूळ कुजलं. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यापूर्वीच काढून ठेवायच्या. डेंग्यूचा डास अंडी घालायला अशाच साचलेल्या पाण्याच्या शोधात असतो, आणि पालिकेची माणसं तपासायला येतात ती आधी ताटल्याच बघतात.

(दृश्य : कोरडी कुंडी, मग कोंब, वेल, फूल)

उन्हाळाभर ही कुंडी रिकामी होती. निदान आम्हाला तसं वाटलं. आत कळलावीचा कंद झोपलेला. पहिल्या पावसानंतर कोंब आला, आणि पानांची टोकंच वळून ताणे झाले, ग्रिलला पकडायला. फूल उमलतं हिरवट-पिवळं आणि लाल होत जातं. झाड विषारी आहे, कंद तर फारच. लहान मूल असलेल्या घरी लावू नका. शेजारी तेरडा. गौरी आणतो तो हाच. शेंग पिकल्यावर बोट लावा. ही फुटली! पुन्हा बघू, सावकाश. साल आतल्या बाजूला गुंडाळते आणि बिया उडतात, त्याही शेजारच्या कुंडीत. दरवर्षी पेरावा लागत नाही.

(दृश्य : ईश्वरीच्या वेलावर फुलपाखरू)

आता इथे नीट लक्ष द्या. हे कॉमन रोझ. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरा डाग, अंग लाल. याची अळी ईश्वरीची पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते विष राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि हे दुसरं, कढीपत्त्याभोवती घिरट्या घालणारं? तेच पंख, तोच पांढरा डाग. पण अंग बघा, काळं. ही कॉमन मॉर्मनची मादी. विष नाही, नुसता वेष. या मादीची तीन रूपं असतात. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिम्झन रोझ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखं. आता ती पानावर पाय आपटतेय. फुलपाखराला चव पायाने कळते. पान पटलं. पोट वाकवलं, आणि हे एक अंडं. असली आणि नक्कल, दोघांचा पाळणा एकाच कठड्यावर, दोन कुंड्यांत.

खालच्या मजल्यावर ओल उतरली, सोसायटीचं पत्र आलं, जड कुंड्या कमी झाल्या.

रोपं आणायची कुठून, हे सगळे विचारतात. राष्ट्रीय उद्यान दहा मिनिटांवर असलं तरी तिथून काडीही उचलायची नाही, कायद्याने मनाई आहे. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाच्या तोंडावर देशी रोपं मिळतात. ईश्वरीसारखी वेल देशी झाडं वाढवणाऱ्यांकडून फांदीने येते. आणि कारवीचा हट्ट धरू नका. आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप गॅलरीत लावून कमिटीला काय सांगणार?

(दृश्य : इमारतीचं आवार, कंपाउंडची भिंत)

वर जागा संपली, तेव्हा बाईंनी भिंतीलगतची ही पट्टी मागून घेतली. इथे मोकळी जमीन आहे, म्हणून धायटी आणि कुडा इथे लावलेत. कोपऱ्यात सोनचाफा, कारण सेक्रेटरींना सुवासाचं काहीतरी हवंच होतं. धायटी उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलांनी भरते तेव्हा शिंजीर हे इवले पक्षी मध प्यायला येतात. सोसायटीच्या माळ्याला बाईंनी एकच सूचना लिहून दिलीय आणि पंपाच्या खोलीच्या दारावर चिकटवलीय : पानं खाल्लेली दिसली तर औषध मारायचं नाही, आधी मला हाक मारायची.